शिंगं पुन्हा पुन्हा पांढरी पडतात? रंग चढवण्याआधी कारण शोधा

दिवाणखान्यातल्या सांबराच्या शिंगांना पॉलिशवाल्याकडून हात मारून घेतला, दिवाळीला ती छान तपकिरी दिसली आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत पुन्हा पांढुरकी झाली. गिरगाव, दादर, पार्ल्यातल्या जुन्या घरांतून ही तक्रार सतत ऐकू येते. कोकणातलं घर आवरताना मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या शिंगांच्या बाबतीत तर हमखास. बरेच जण यावर दर वर्षी नवा थर देतात. थर जाड होत जातो, शिंगावरचे दाणे आणि खाचा बुजतात आणि पांढरेपणा तिथेच राहतो.

पांढरं दिसणं हे ताप येण्यासारखं लक्षण आहे. कारण उन्हाचं असू शकतं, बुरशीचं असू शकतं, वरच्या पॉलिशचं असू शकतं किंवा कुणीतरी पूर्वी ब्लीचिंग पावडर वापरल्याचं असू शकतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात नुकसान करतो. म्हणून या लेखात रंगापेक्षा तपासणीलाच जास्त जागा दिली आहे.

हात लावण्याआधी कागद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये वन्य प्राण्याचं शिंग, हाड, कातडं हे सगळं ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत येतं. घरात ते ठेवायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेलं मालकी प्रमाणपत्र हवं. आजोबांच्या नावावर प्रमाणपत्र असेल आणि वस्तू वारशाने तुमच्याकडे आली असेल, तर 90 दिवसांच्या आत तसं निवेदन करण्याची तरतूद कायद्यात आहे. प्रमाणपत्र आहे म्हणून विकता येतं, असा समज मुंबईत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. जंगलात गळून पडलेलं शिंगही उचलून आणता येत नाही. ते सरकारची मालमत्ता आहे आणि साळिंदरं, उंदीर, स्वतः हरणंसुद्धा कॅल्शियमसाठी ते कुरतडतात, म्हणजे जंगलाला त्याचा उपयोग आहे.

कागद नसतील तर पुढचं काही करू नका. आधी जवळच्या वनविभाग कार्यालयात जा. कागद असतील तर त्यातलं वर्णन आणि फोटो बघून घ्या, आणि काम सुरू करण्यापूर्वी व झाल्यावर चारही बाजूंनी फोटो काढून त्या फाइलला जोडा. पांढरं शिंग नोंदलेलं आणि भिंतीवर तपकिरी, असा प्रश्न उद्या कुणी विचारला तर उत्तर तयार हवं. हे काम धंदा म्हणून करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हाती वस्तू देऊ नका.

एक सोपी शंका आधी मिटवून टाका. हल्ली कॅफेंमध्ये आणि सजावटीच्या दुकानांत दिसणारी बरीचशी शिंगं रेझिनची असतात. साच्याची बारीक शिवण एका बाजूने वरपासून खालपर्यंत जाताना दिसली, दोन शिंगांवरचे दाणे अगदी तंतोतंत सारखे असले, तर ते ओतीव काम आहे. खऱ्या शिंगाच्या बुडाशी किंवा तुटलेल्या टोकाशी भिंगातून पाहिलं की हाडाची बारीक छिद्रं दिसतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नका. खऱ्या शिंगावर कायमचा डाग राहतो. रेझिनचं असेल तर त्यावर साधा ॲक्रिलिक रंग द्या, पुढचं वाचायची गरज नाही.

चार तपासण्या

दिवसाच्या उजेडात बसा. काळं सुती फडकं, कापूस, थोडं डिस्टिल्ड पाणी आणि पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट जवळ ठेवा. हातात नायट्राइलचे हातमोजे आणि तोंडाला एन-95 मास्क हवाच. शिकारीच्या जुन्या वस्तूंवर, विशेषतः कातडं असलेल्यांवर, किडीपासून बचावासाठी आर्सेनिकयुक्त साबण लावण्याची पद्धत होती. शिंगाला कवटीचा किंवा कातडीचा तुकडा जोडलेला असेल तर ते विष तिथे अजून असू शकतं. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पहिल्यांदा काळं फडकं हलक्या हाताने फिरवा. पांढरं फडक्यावर आलं तर ते वर बसलेलं आहे, शिंग पांढरं झालेलं नाही. भुरकट, ठिपक्याठिपक्यांत आलेलं, कुबट वास असलेलं असेल तर बुरशी. मेणासारखं पातळ सायीचं असेल आणि केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून दिल्यावर नाहीसं होत असेल, तर जुनं मेण वर आलेलं आहे. कोरडी खडूसारखी भुकटी निघत असेल तर पृष्ठभागच सुटतो आहे. याचं कारण बहुतेक वेळा ब्लीच असतं.

फडक्यावर काही आलं नाही तर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, नखाएवढ्या जागी टेकवा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. ओलं असताना ती जागा गडद तपकिरी दिसली आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरकी झाली, तर रंग अजून शाबूत आहे. पृष्ठभाग कोरडा आणि खरखरीत झाल्यामुळे उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. अशा शिंगाला रंगाची गरजच नाही, मेणाने काम होतं. ओलं असतानाही ती जागा पांढरीच राहिली, तर मात्र रंग खरोखर गेला आहे.

तिसरी तपासणी पॉलिशची. शिंगावर चकाकी असेल, किंवा दुधाळ पडदा काचेखाली असल्यासारखा दिसत असेल, तर मागच्या बाजूला लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा काही सेकंद धरा. बोळा चिकट आणि पिवळट झाला तर वर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने सुटलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं चकचकीत पॉलिश. दोन्हींचा मुंबईतला स्वभाव एकच. दमट हवेत हात मारला की थरात ओल अडकते आणि तो दुधाळ होतो. लाख तर नंतरच्या ओलीनेही पांढरी पडते.

चौथी, भिंतीकडची बाजू बघा. शिंग फळीवरून उतरवून मागची बाजू आणि समोरची बाजू शेजारी ठेवून पाहिली की बराचसा उलगडा होतो. मागे गडद आणि पुढे फिकं असेल तर ऊन. सगळीकडून सारखंच पांढरं असेल तर ब्लीच किंवा उकळणं.

रंग येतो कुठून, जातो कसा

शिंगाचा तपकिरी रंग शिंगाच्या आतला नसतो. हरणाचं शिंग हे हाड आहे. दर वर्षी कवटीवरच्या खुंटावर नव्याने वाढतं. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली, रक्ताने भरलेली कातडी असते. वाढ पूर्ण झाली की कातडी वाळते, नर ती झाडांवर घासून काढतो आणि खाली फिकट हाड उघडं पडतं. त्या वेळचं रक्त, मग सालींतला रस आणि टॅनिन हे तुरट द्रव्य, चिखल, हे सगळं खाचांत मुरून हवेने गडद होत जातं. घासली जाणारी टोकं मात्र हस्तिदंतासारखी फिकट आणि गुळगुळीत राहतात. म्हणून एकाच जातीच्या दोन नरांची शिंगं वेगळ्या रंगाची असू शकतात आणि घासायला सालीची झाडं न मिळालेल्या पिंजऱ्यातल्या नराची शिंगं फिकी राहतात. काळवीट आणि गव्याची गोष्ट वेगळी. त्यांच्या शिंगांवर नखाच्या पदार्थाची खोळ असते, ती कधी गळत नाही आणि तिचा काळेपणा तिचा स्वतःचा असतो. खाली दिलेली रंगाची पद्धत काळविटाच्या शिंगावर वापरू नका.

रंग पृष्ठभागावरच असल्यामुळे उन्हाने तो पहिल्यांदा जातो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सर्वांत वाईट. खिडकीची काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते, बाकीचा आत येतो, आणि डोळ्यांना दिसणारा तेज प्रकाशही रंग उडवतो. संग्रहालयांत केस-कातडं असलेल्या नमुन्यांवर प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. आपल्या खिडकीपाशी दुपारी याच्या कितीतरी पट उजेड असतो. जागा न बदलता रंग दिला तर तो पुन्हा उडणार.

कारणाप्रमाणे उपाय

बुरशी असेल तर शिंग बाल्कनीत सावलीत नेऊन मऊ ब्रशने झाडा, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. वर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोलने ते सुटतं, म्हणून तिसरी तपासणी आधी. शिंग पाण्यात बुडवायचं नाही. बुरशी परत येते ती भिंतीमुळे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा 80 टक्क्यांच्या वर दमट असते आणि बाहेरची भिंत ओल धरते. फळीच्या चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, किंवा सरळ आतल्या भिंतीवर हलवा. खोबरेल तेल लावायची सवय अनेक घरांत आहे. शिंग लगेच चमकतं, पण तेल खवट होतं, धूळ धरतं आणि बुरशीला खाऊ मिळतो. ते थांबवा.

लाखेचं पॉलिश दुधाळ झालं असेल तर कोरड्या हवेत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, स्पिरिटने किंचित ओलावलेलं फडकं हलकेच फिरवल्यावर पडदा बऱ्याचदा उतरतो. पण पुढच्या पावसात तो परत येतो. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत शिंगावर लाख असू नये. स्पिरिटच्या बोळ्यांनी थोडी थोडी करत ती पूर्ण काढा. वेळ लागतो आणि बोळे भराभर बदलावे लागतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास शेगडी, समई, उदबत्ती काही पेटतं ठेवू नका. बऱ्याच वेळा लाखेखाली मूळ रंग चांगला निघतो. तसं झालं तर तिथेच थांबा.

पृष्ठभाग नुसता कोरडा असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (हे पेट्रोलियमपासून बनतं) अगदी पातळ हात पुरतो. मधमाशीचं मेण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडतं आणि धूळ ओढतं, म्हणून ते टाळावं.

ब्लीचने खडूसारखं झालेलं शिंग सर्वांत अवघड. ब्लीच हाडातल्या प्रथिनावर घाव घालतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. तिथे रंग शोषून डागाळतो. अशा शिंगाला आधी मजबुती हवी. संग्रहालयांतले संवर्धक त्यासाठी पॅरालॉइड बी-72 हे ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये पातळ करून वापरतात. हे काम घरी न करता जाणकाराकडे द्यावं.

खरोखर रंग गेलाच असेल तर

मला हवा असलेला रंग उन्हात टिकणारा, पुढे कुणाला हवं तर काढता येणारा आणि शिंगाच्या खाचा न बुजवणारा असतो. या कसोटीवर बूट पॉलिश आणि चहा-कॉफी दोन्ही नापास. पॉलिशमधले रंग उन्हात लालसर होतात किंवा उडतात. चहाचा रंग फिका पडतो आणि त्याच्या थराला दमट हवेत बुरशी धरते. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे गावाकडे विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, हा जुना आणि खूप वापरला जाणारा उपाय आहे. तिचं पाणी लावल्यावर जांभळं दिसणारं शिंग बघता बघता तपकिरी होतं, कारण हाडावर मँगनीज डायऑक्साइड बसतो. पण तो हाडाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया करून बसतो आणि काढायचा तर पुन्हा रसायनं लागतात. वारशाच्या शिंगावर मी त्याची शिफारस करत नाही. शिवाय ही पूड ग्लिसरीनच्या संपर्कात आली तर पेट घेते, त्यामुळे घरात ती कुठेही ठेवायची वस्तू नाही.

माझी पसंती मातीच्या रंगांना. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर या पुडी कलासाहित्याच्या दुकानात मिळतात. त्यांचा तपकिरीपणा लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडमुळे असतो, तो उन्हाने उडत नाही. आधी शिंगावर नुसत्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि बसू द्या. मग काचेच्या तुकड्यावर थोडं मेण आणि चिमूटभर पूड चांगली घोटा. पूड उडते, मास्क काढू नका. ताठ केसांच्या छोट्या ब्रशने ते मिश्रण खाचांमध्ये आणि बुडाच्या खडबडीत कड्याभोवती भरा आणि लगेच सुती फडक्याने उंचवट्यांवरून पुसा. पुसण्यातच खरं कौशल्य आहे. खाचेत राहतं, दाण्याच्या माथ्यावरून निघतं, आणि शिंग जिवंत दिसू लागतं. बुडाशी गडद, मधल्या दांड्यावर मध्यम, आणि फाट्यांच्या शेवटच्या दोन-तीन बोटांवर जवळजवळ काहीच नाही. टोकं रंगवली की शिंग खोटं दिसतं. बाजारातल्या बहुतेक कामांत नेमकी हीच गोष्ट बिघडलेली असते.

एका वेळी फिका हात द्या, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, गरज असेल तर पुन्हा. आवडलं नाही तर मिनरल टर्पेंटाइनच्या बोळ्याने सगळं निघून येतं. ते फडके गोळा करून डब्यात कोंबू नका, बाहेर पसरून वाळवा.

किती गडद करायचं, हे ठरवताना इंटरनेटवरचे परदेशी हरणांचे फोटो समोर ठेवू नका. त्यांची जात वेगळी, झाडं वेगळी. चितळाच्या शिंगाला बहुधा तीन फाटे असतात आणि ते सांबराच्या मानाने सडपातळ आणि गुळगुळीत असतं. सांबराचं जाड, खोल खाचांचं आणि अधिक गडद. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ सकाळच्या वेळी सहज दिसतात आणि फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान दालनात नमुने जवळून पाहता येतात. एक सकाळ त्यासाठी द्या.

पेंढा भरलेलं डोकं फिकं किंवा ठिपकेदार दिसत असेल तर

इथे रंग देण्याची घाई सर्वांत जास्त नुकसान करते. आधी ठरवा की फिकेपणा उन्हाचा आहे की त्या प्राण्याचाच होता.

उन्हाने उडालेला रंग खिडकीकडच्या गालावर जास्त, फळीमागच्या मानेवर कमी असतो, आणि गडदाकडून फिक्याकडे हळूहळू जातो. जन्मजात पांढरा डाग कडेला स्पष्ट असतो आणि उजेडाची बाजू बघत नाही. हरणांत असे प्रकार खरोखर होतात. संपूर्ण अल्बिनो प्राण्यात रंगद्रव्य बनतच नाही, डोळे गुलाबी दिसतात. ल्युसिझममध्ये केस पांढरे पण डोळे नेहमीसारखे गडद. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका इथल्या जुन्या लष्करी कोठाराच्या कुंपणाआड पांढऱ्या हरणांचा मोठा कळप वाढला, तो या दुसऱ्या प्रकारचा. पांढरे-तपकिरी मोठे पट्टे असलेले प्राणीही जन्मतात आणि अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत अशा रंगाबरोबर कधी कधी वाकडा कणा किंवा आखूड पायही आढळतात. उलट दिशेने, मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य जास्त असल्यामुळे काळपट जन्मलेली हरणंही असतात. पेंढा भरलेल्या डोक्याचे डोळे काचेचे असल्यामुळे डोळ्यांवरून काही ठरवता येत नाही, केसांवरच भर द्यावा लागतो.

जिवंत प्राण्यात आणखी कारणं असतात. जखम भरून आल्यावर त्या जागी पांढरे केस येतात, कातडीचे रोग केस घालवतात, आणि तांब्याची कमतरता असली तर केसांचा रंगच फिका होतो, कारण रंगद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं. शिकारीच्या जुन्या वस्तूवर असं काहीतरी टिकून राहिलेलं असू शकतं. नेहमीचा पांढरेपणा मात्र ओळखून असा. चितळाच्या गळ्याखालचा भाग पांढराच असतो, पाठीवरचे ठिपके आयुष्यभर राहतात. या जागा ‘उडालेल्या’ समजून रंगवलेली डोकी मी पाहिली आहेत आणि वाईट वाटलं, कारण केसांत शिरलेला रंग सुरक्षितपणे काढणं जवळजवळ अशक्य असतं.

डाग जन्मजात असल्याची थोडी जरी शंका असेल तर केसांना काहीही लावू नका. तो नमुना अभ्यासाच्या कामाचा असू शकतो. दोन्ही बाजूंचे, मानेच्या मागचे आणि डागाच्या कडेचे जवळून फोटो काढा. फळीच्या मागे चिठ्ठी, जागेचं नाव, साल किंवा काम करणाऱ्याचं नाव असेल तर त्याचाही फोटो घ्या. मग मालकी प्रमाणपत्राची प्रत जोडून वनविभागामार्फत बोरिवलीच्या उद्यानातल्या वन्यजीव टॅक्सीडर्मी (मेलेले प्राणी पेंढा भरून जतन करण्याच्या) केंद्राकडे विचारणा करा. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये ते सुरू झालं. उत्तर येईपर्यंत डोकं खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर, धुळीसाठी वरून सैल सुती कापड टाकून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते.